हृदयाचा धडा

"तुन्हा हात तुन्हाजोडेच शे ना? मंग पुस्तक कसाले धुंडी ऱ्हायनी?"

मनगटाची हाडं विसरलेल्या मुलीला मॅडम अहिराणीत असं विचारायच्या, हात जवळ असताना पुस्तक कशाला शोधतेस म्हणून, आणि स्वतःचं मनगट तिच्यापुढे धरायच्या. नंदुरबारच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात त्या शरीररचना शिकवत. मी तिथला कॉम्प्युटरवाला. इंग्रजी पुस्तक उघडलं की डोंगरातल्या मुली गप्प होतात, हे पाहून मॅडमनी मराठीत व्हिडिओ करायचं ठरवलं. मी मोबाइलवर चित्रण करायचो आणि इंटरनेटवर कॉलेजच्या पानावर टाकायचो. मुली सुट्टीला निघाल्या की व्हिडिओ त्यांच्या मोबाइलमध्ये भरून द्यायचो, कारण घरी रेंज नसे.

डोंगरातल्या मोलगीकडची एक मुलगी सुट्टीहून परत येऊन म्हणाली, "मॅडम, आईला मराठी येत नाही. पण तुमचं बघून तिनं स्वतःच्या बरगड्या मोजल्या."

"मग तिचीही हजेरी लाव," मॅडम म्हणाल्या.

सारंगखेडा त्यांचं माहेर. एकदा तिथल्या डिसेंबरातल्या यात्रेत त्यांनी मला घोड्यांच्या बाजारात नेलं. घोड्याच्या पुढच्या पायाला हात लावून त्या कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "याला आपण गुडघा म्हणतो. खरं तर हे त्याचं मनगट."

व्यापारी बराच वेळ ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बहनजी, घोड़ा लेना है क्या?"

मॅडम इतक्या हसल्या की चित्रण पुन्हा करावं लागलं.

त्याच हिवाळ्यात त्यांचे यजमान शेतात हृदयविकाराच्या झटक्याने गेले. दिवसकार्य आटोपून मॅडम कामावर आल्या. पुढचा धडा हृदयाचा होता.

मी म्हणालो, "मॅडम, दुसरा घेऊ या का?"

"परीक्षेत हाच येतो, भाऊ. लाव कॅमेरा."

प्लास्टिकचं हृदय हातात घेऊन त्यांनी कप्पे, झडपा दाखवल्या. आवाज नेहमीसारखाच. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमनीवर बोट ठेवलं आणि त्या थांबल्या. रडल्या नाहीत. नुसत्या बोटाकडे पाहत राहिल्या. मीही कॅमेरा बंद केला नाही. मग त्यांनी पुढचं वाक्य उचललं आणि धडा संपवला.

"मधली जागा कापू का?" मी विचारलं.

"राहू दे. मुली तेवढ्यात आकृती काढतील."

उन्हाळ्यात त्या नोकरी सोडून मुलीकडे सुरतला गेल्या. फोन नंबर बदलला असावा; लागत नाही. त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही, म्हणून वर्गात मीच व्हिडिओ लावतो. हृदयाच्या धड्यात ती मधली जागा आली की साऱ्या मुली माना खाली घालून आकृती काढतात. पडद्याकडे तेवढा वेळ कोणीच पाहत नाही.