मुकादमानं वरच थांबायचं

दादामियाँ विहिरींच्या कामावर जमादार होते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि आमच्या भागात गावोगाव विहिरी खोदल्या जात होत्या. सुरुंग उडाला की तळाला वाईट हवा साचते आणि घाईनं उतरलेला माणूस कोसळतो. अशा वेळी मुकादमानं पहिल्यांदा काय करायचं, हे शिकवायचं काम साहेबांनी त्यांच्या गळ्यात घातलं होतं.

आमच्या मुकादमांना शिकवणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. टोळी सगळी भावांची, मेहुण्यांची. सुरुंगानंतर मुकादमानंच आधी उतरायचं, ही रीत. वर थांबला तो कसला मुकादम? त्याच्या हाताखाली पुन्हा कुणी कुदळ धरत नसे.

दादामियाँ जळकोटच्या एका कोरड्या विहिरीत उतरून बेशुद्ध पडल्याचं सोंग करत. मुकादमानं वर थांबून बाकीच्यांना अडवायचं. लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधून खाली-वर करायचा, म्हणजे हवा हलते. मग कंदील सोडायचा. तो विझला नाही, तरच कमरेला दोर बांधून एकाला उतरवायचं. पहिल्या दिवशी दादामियाँ खाली आडवे झाले मात्र, शिकायला आलेले तिन्ही मुकादम धडाधड त्यांच्यामागं उतरले.

दादामियाँ उठून बसले. "आता चार मयत झाले! वर कोण हाय रे आपल्याला काढायला?"

वर चिटपाखरू नव्हतं. दोघं खो खो हसले. तिसरा, रामलिंग, मान वर करून विहिरीचं रिकामं तोंड बघत राहिला.

पुढं आमच्याच शेतातल्या विहिरीचं काम त्याच्या टोळीकडं आलं. दादामियाँचा एकुलता एक लेक शब्बीर त्याच टोळीत होता. सुरुंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाली राहिलेली पहार आणायला तो कंदील न सोडताच उतरला आणि तळाला कोसळला. दादामियाँ काम बघायला आले होते, माझ्या वडिलांबरोबर चहा घेत होते. आरडाओरडा ऐकून ते धावले, पटका फेकला आणि पायरीवर पाय टाकला.

रामलिंगनं त्यांच्या कमरेला मिठी मारली.

"सोड! माझा लेक हाय त्यो!"

"म्हणूनच न्हाय सोडत, चाचा." आणि तसंच धरून तो आमच्यावर ओरडला, "डहाळ्या आणा! दोर आणा! कुणी उतरायचं न्हाय!"

मी डहाळ्या ओरबाडत होतो आणि मनात रामलिंगला शिव्या घालत होतो. बाप तडफडतोय आणि हा कायदा शिकवतोय! दादामियाँ त्याच्या मनगटाला कडकडून चावले. रक्त आलं. मिठी सुटली नाही.

भारा खाली-वर झाला. कंदील गेला आणि जळत राहिला. मग रामलिंगचा भाऊ दोर बांधून उतरला. शब्बीर वर आला तेव्हा काळानिळा पडला होता. पालथा घालून पाठ चोळली, तेव्हा कुठं त्याला खोकला आला. दादामियाँ मातीच्या ढिगावर बसून हमसून हमसून रडले. मीही रडलो, त्यात लाजायचं काय?

नंतरच्या शिकवणीला दादामियाँनी रामलिंगला मुद्दाम बोलावलं. त्याच्या मनगटावर वण उमटला होता. नव्या मुकादमांसमोर त्यांनी तो हात वर धरला.

"हे माझे दात हायत," ते म्हणाले. "ज्याचं माणूस खाली आसंल, त्याला आधी धरा. चावला तरी सोडू नका."

त्या दिवशी कुणी हसलं नाही.