मलिद्याच्या तबकाशेजारचं पुस्तक

सॅमसन गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामासाठी यरुशलेमला होतो. बस बदलत येरुहामला, त्याच्या गावी, पोचेपर्यंत दफन उरकलंही होतं. इथे मयताला ताटकळत ठेवत नाहीत. मी दारातच घुटमळलो. त्याच्या आईच्या, सेगुलाबाईंच्या, नजरेला नजर द्यायची माझी हिंमत नव्हती.

बीरशेबाच्या एका कंपनीत सॅमसन आणि मी शेजारी बसायचो. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला, तो कोकणातून आलेल्या ज्यू घरातला, येरुहाममध्येच वाढलेला. घरात मराठी, बाहेर हिब्रू. माझं मराठी त्याला भलतंच पुस्तकी वाटे आणि त्यावरून तो मला यथेच्छ पिडे. एक्सएसएलटी तेव्हा नवीन होती. माहिती एका साच्यातून दुसऱ्या साच्यात ओतणारी ही संगणकाची भाषा शिकायला धड पुस्तक मिळत नसे. असा एक जाडजूड संदर्भग्रंथ परदेशात तयार होत होता. त्यातली उदाहरणं चालवून चुका कळवायचं काम सॅमसननं हौसेनं अंगावर घेतलं. जेवणाच्या सुट्टीतही स्वारी त्यातच. आभाराच्या पानावर तुमचं नाव छापू, असं संपादकांनी कळवलं आणि हा पठ्ठ्या घरी सांगून मोकळा झाला. सेगुलाबाई लगेच एलियाहू हन्नाबीला, त्यांच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, नवस बोलल्या, लेकाचं नाव छापून आलं की मलिदा करीन, गोड पोह्यांचं तबक मांडीन.

पुस्तक आलं. आभाराच्या पानावर पुष्कळ नावं होती... त्याचं नव्हतं. मीही पान खालीवर पाहिलं. विचारणा केली तर पुढच्या आवृत्तीत बघू, एवढंच उत्तर आलं. तोवर पुस्तक आल्याचं आईला कळलं होतं आणि घरी पोहे भिजले होते.

मलिद्याला मीही गेलो तेव्हा वाटलं, तो सांगून टाकेल. तबकात पोहे, खोबरं, फळं मांडलेली, शेजारी ते पुस्तक, आणि सगळं घर हन्नाबीचं गाणं म्हणत होतं. सेगुलाबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. नाव कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. सॅमसननं भलत्याच कुणाच्या नावावर बोट ठेवलं. प्रार्थनेच्या पोथीला लावावीत तशी त्यांनी त्या ओळीला बोटं लावून ओठांना लावली आणि माझ्याकडे वळल्या. "तू मोठ्यानं वाच रे, सगल्यांना ऐकू दे."

मी सॅमसनचं नाव वाचलं.

मला बसपर्यंत सोडायला आला तेव्हा तो म्हणाला, "आईला फसवलं ते फसवलं. पण न फळलेला नवस फेडला ना आपण. आता हन्नाबीकडे काय तोंडानं मागू?" पुढची आवृत्ती काही निघाली नाही. त्या भाषेवर इतर पुस्तकं मात्र भराभर आली. त्यातलं एकही त्यानं हातात धरलं नाही.

तो गेल्यावर महिन्याच्या प्रार्थनेला गेलो. माणसं पांगल्यावर सेगुलाबाईंनी शोकेसमधून ते पुस्तक काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. आता तरी खरं सांगावं, असं मनात आलं. लाजेनं कानशिलं तापली... पण समोर ती बाई, आणि एकुलता लेक गेलेला. मी आभाराचं पान उघडलं आणि एका नावावर बोट ठेवलं.

त्यांनी माझं बोट धरून वर सरकवलं.

"तिथं नाय रे. तो हितं दाखवायचा."

मी खाली मान घालून पुन्हा त्याचं नाव वाचलं.