टेकण्याची व्याख्या

संशोधन पद्धतीचा तास आमच्या विभागात जेवणानंतर असायचा. नांदेडचं ऊन, वर कुरकुरणारा पंखा आणि फळ्यावर सरांनी लिहिलेलं ‘गृहीतक’. अशात जागं राहणं हेच मोठं संशोधन होतं. मला मात्र तो विषय मनापासून आवडायचा. त्यात कुणालाही काहीही विचारायचा परवाना मिळतो, आणि नको तिथं प्रश्न विचारायची खोड मला लहानपणापासूनच आहे.

पीएच.डी.साठी मी विषय धरला होता, शेतकरी घरातल्या बायकांचा फावला वेळ. वर्गातली पोरं हसली. ‘कोरी पानं बांधून दे, झाला प्रबंध!’ म्हणाली. मी चिडले, आणि चिडले की मी हट्टाला पेटते. सरांनी एकच अट घातली. आधी थोड्या बायकांना विचारून प्रश्नावली तपासायची. त्यातून काही हाती लागलं तरच विषय समितीपुढे जाईल, नाहीतर दुसरा घ्यायचा. दुसरा म्हणजे त्यांच्या मनातला, ग्रामपंचायतीचा कारभार. मला नुसत्या कल्पनेनंच जांभई आली.

प्रश्नावली मी झकास केली. प्रत्येक प्रश्नाखाली अ, ब, क, ड आणि शेवटी ‘इतर’. ‘आपण फावल्या वेळेत काय करता?’ हा तर माझा लाडका प्रश्न. ती घेऊन मी कंधारमार्गे जळकोटची एसटी धरली आणि तिथून आमच्या गावी गेले.

गावातल्या बायकांनी माझं कौतुक केलं, चहा पाजला आणि माझा लाडका प्रश्न उडवून लावला.

‘आपण म्हंजे? तू आन मी?’ शेजारच्या काकूंनी विचारलं.

‘नाही हो काकू, तुम्ही.’

‘मंग तुमी म्हण की! आन फावला वेळ आमाला कुठला माय? न्हाई म्हणून लिव्ह.’

हे सांगताना काकू ओट्यावर पाय पसरून शेंगा फोडत होत्या आणि मधूनमधून समोरच्या घरातल्या नव्या सुनेची इत्थंभूत हकिकत मला पुरवत होत्या. मी निमूट कागदावर ‘नाही’ लिहिलं. पुढच्या घरीही न्हाई, त्याच्या पुढच्या घरीही न्हाई. आमच्या आईनं तर भाकरी थापता थापता, मान न वळवताच ‘न्हाई’ म्हणून टाकलं.

नांदेडला आल्यावर सरांनी सगळे कागद चाळले. ‘एक तर या बायांना वेळ नाही,’ ते म्हणाले, ‘नाहीतर तुझ्या प्रश्नात दम नाही.’ मला त्यांचा भयंकर राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तोंड पाडूनच होस्टेलवरून आईला फोन लावला. सवयीनं विचारलं, ‘काय करून राहिलीस?’

‘काई न्हाई. आत्ताच जरा टेकले.’

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते कानात शिरलं.

‘टेकलीस म्हणजे काय करतीस?’

‘टेकले म्हंजे टेकले! भिंतीला पाठ लावली, गहू निवडून राहिले, टीव्ही चालू हाय. आसं काय इचारतीस?’

मी कॉटवर उभी राहून नाचले. खोलीतल्या मैत्रिणीला वाटलं, नोकरी लागली.

पुढच्या खेपेला कागदावर नवा प्रश्न होता, ‘तुम्ही कवा टेकता?’ आता बायका बोलायच्या थांबेनात. कुणी पोरांची शाळा भरली की टेकायची, कुणी रानात लिंबाखाली, कुणी लाईट गेली की. रिकाम्या हातानं कुणीच टेकत नव्हतं. शेंगा, वाती, गोधडी, काही ना काही चालूच. काकू तर इतक्या रंगल्या की माझी जागा संपली आणि मला कागदाच्या पाठीवर लिहावं लागलं. मी एवढी खूश क्वचितच झाले असेन.

आईला शेवटी विचारलं. ती माझ्यासाठी डब्यात लाडू भरत होती.

‘तू कवा टेकतीस गं?’

‘तू आलीस की,’ ती म्हणाली आणि डब्याचं झाकण दाबून बसवायला लागली.

हे उत्तर अ, ब, क, ड कशातच बसेना. मी ते ‘इतर’मध्ये लिहिलं.

समितीपुढे मी घाबरतच टेकण्याची व्याख्या वाचली: ‘हातातलं काम न सोडता शरीराला आणि मनाला दिलेला विसावा.’ समितीतल्या एक मॅडम खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, ‘मी सकाळपासून टेकले नाहीये. हा विषय होऊ द्या.’ अध्यक्षांनी मात्र चष्मा सावरला.

‘इतरमध्ये एकच नोंद आहे. ही बाई कोण?’

‘आई आहे, सर.’

‘घरचं माणूस नमुन्यात चालत नाही. उत्तरात मायेचा ओढा येतो. ते वगळा, बाकी मंजूर.’

पद्धतीच्या दृष्टीनं त्यांचं म्हणणं अगदी योग्य होतं. मी आईचं उत्तर नमुन्यातून वगळलं, आणि त्याच शनिवारी जळकोटची एसटी धरली.