शेपूची जुडी

मार्चमधल्या शनिवारी इथे आखातात, बुदैयाच्या शेतकरी बाजारात शेपूचा वास आला आणि मला आमच्या गावचा आठवडी बाजार आठवला.

आई तिथे शेपू विकायची. त्यावरच मी कॉलेजात शिकत होतो. एकदा सोबत आलेले शहरातले मित्र नेमके तिच्याच पाटीपुढे थांबले. घाबरून मीच विचारलं, "मावशी, जुडी कशी दिली?"

आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग ओले हात पदराला पुसत म्हणाली, "घ्या साहेब, सकाळीच उपटलाय शेपू."

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. घरी तिने विषय काढला नाही. मीही नाही, आणि आता ती नाही.

"लो साहब, एकदम ताजा," म्हणत इथला विक्रेता जुडी पुढे करतो. माझा हात पुढे होत नाही.