आमच्या दाराची डबी

मुलुंडच्या नव्या घराच्या चौकटीला जुनी मेझुझा बसवताना लहानपणच्या सोसायटीतला जिना आठवला. धर्मवचनांची ही छोटी डबी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू लोक, येताजाता तिला हात लावतो. त्या सोसायटीतली मुलं मात्र डबीला बेल ठरवून ‘तुमची बेल बंद आहे’ म्हणून मला चिडवायची. एका दुपारी माझी मैत्रीण जिन्यात आम्हा मुलांना कादंबरी वाचून दाखवत होती. जुन्या काळातलं युरोपातलं शहर, रक्त पिणारं पिशाच्च, आणि दारावरच्या डबीवर हात ठेवून त्याला अडवणारी माझ्याएवढी ज्यू मुलगी. मैत्रीण वाचता वाचता थांबली. “ए, ही तुमच्याच दाराची डबी ना गं? म्हणजे तुमच्याकडे पिशाच्च येऊच शकत नाही. झकास.” संध्याकाळपर्यंत सगळी मुलं आमच्या डबीला हात लावून गेली, आणि मी उंबऱ्यात राणीसारखी उभी. आज तीच मैत्रीण नवं घर बघायला आली. बेल चालू होती, तरी तिचा हात आधी डबीवर गेला.