नाजूक हाडांची मुलगी

सरांनी प्रज्ञाच्या गालावर निळ्या मार्करने रेघ ओढली. कानापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत. मग म्हणाले, "दात आवळ."

तिने आवळले. रेघेखाली गाठ टरारून वर आली.

"मॅसेटर," सर म्हणाले. "चावायचा स्नायू. इतका ठसठशीत तुम्हाला ॲटलसमध्येसुद्धा मिळणार नाही. पिढ्यान् पिढ्या ज्वारीची भाकरी चावून झालेला जबडा आहे हा. ॲडमिशनची लिस्ट न बघता ओळखता येतो."

सगळी बॅच हसली.

डेंटलचं पहिलं वर्ष. डोकं, मान, चेहरा. आम्हाला सगळ्यात बारकाईने शिकायचं ते एवढंच. मृतदेहावर शिकून झालं की तीच हाडं, तेच स्नायू जिवंत चेहऱ्यावर बोटाने शोधायचे. त्यासाठी बॅचमधलंच कुणीतरी पुढे जाऊन उंच स्टुलावर बसायचं. कोण, ते सर ठरवतात. प्रज्ञा नांदेडची. मराठी शाळेतून आलेली, हॉस्टेलवर राहणारी. तिला 'चालेल का' असं कुणी विचारलं नव्हतं.

"आता कॉन्ट्रास्टसाठी फाइन बोन्स बघू," सर म्हणाले. "तू ये गं. शिवाजी पार्कची ना तू?"

ते मला विचारत होते.

मी मान हलवली. मान हलवायला कोणकोणते स्नायू लागतात ते मला त्याच आठवड्यात पाठ झालं होतं. खोटं बोलायला तेवढे पुरले.

मी परळच्या चाळीत राहते. आजोबा गिरणीत होते. माझ्या जन्माआधी बाबांनी आडनाव बदललं, गावाच्या नावाला 'कर' जोडलं. मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. कॉलेजात कुणी विचारलं की मी "दादर साइड" म्हणायचे. इंग्रजी बरं होतं, बोलणं कमी होतं. उरलेलं लोकांनी आपापलं भरून घेतलं. मी ते कधी खोडलं नाही.

आम्ही बौद्ध आहोत. प्रज्ञाही. आणि माझ्याबद्दल हे अख्ख्या बॅचमध्ये फक्त तिला माहीत होतं. एका रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली होती. दारातूनच तिला भिंतीवरचा बुद्धाचा फोटो दिसला. चपला काढता काढता ती आईला म्हणाली, "जय भीम, काकू." आईचा चेहरा असा उजळला की मला आत कुठेतरी राग आला. ती ओळख मी स्वतः दिली नव्हती म्हणून.

आता आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो. सरांनी माझ्याही गालावर रेघ ओढली. हलक्या हाताने. ते मला जाणवलं.

"हनुवटी निमुळती. जबडा हलका. मान बघा. ही वरण-भात-तुपाची हाडं आहेत. कल्चर हाडात उतरतं ते असं."

परत सगळे हसले. मीही हसले. ओठांचे कोपरे ओढणारा स्नायू वेगळा असतो आणि खरं हसताना डोळ्यांभोवती आवळला जाणारा वेगळा. माझे फक्त ओठ हलले. असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. पण हसले हे खरं.

प्रज्ञाने एकदा माझ्याकडे बघितलं. माझं खोटं उघडं पाडायला तिचं एकच वाक्य पुरे होतं. बोलली नाही.

तास संपल्यावर ती बेसिनपाशी स्पिरिटच्या बोळ्याने गाल घासत होती. कातडी लाल झाली होती. मी म्हटलं, "मी पुसून देऊ?"

"तुझी पुस आधी."

"प्रज्ञा, मला तेव्हा काही सुचलंच नाही."

"मला सुचलं होतं," ती म्हणाली. "सांगणार होते. मग म्हटलं, तिचं तिनं सांगावं." बोळा टाकला, ॲप्रन काढला. "जा, घरी वरण-भात थांबला असेल तुझा."

यापुढचं लिहायला जास्त लाज वाटते. त्या संध्याकाळी मी आरशासमोर उभी राहिले आणि मान वळवून जबड्याची कड बघितली. मला ती आवडली. सरांनी दिलेलं मी घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गातली एक मुलगी म्हणाली, "यार, तुझी बोन्स किती क्लासी आहेत," तर मी थँक्यू म्हटलं.

पुढचे दोन आठवडे मी प्रज्ञापासून लांबच्या टेबलावर बसले.

मग एका दुपारी आई जेवत होती. बोंबील आणि भाकरी. ती घास चावत होती, कानाखाली स्नायू वर येत होता, जात होता. मी बघत होते. रुंद जबडा, पुढे आलेली गालाची हाडं. मनात शब्द तयार होत होते आणि ते सरांच्या आवाजात होते. माझ्या आईचा चेहरा मी त्या माणसाच्या डोळ्यांनी मोजत होते.

"काय बघतेस गं?" आई म्हणाली. "काही लागलंय का तोंडाला?"

मी उठून मोरीत जाऊन उभी राहिले.

प्रॅक्टिकलआधीच्या उजळणीला सर म्हणाले, "त्याच दोघी या. मस्त डेमो होता तो." प्रज्ञा उठली. मीही उठले, पण जागेवरच.

"सर, मी शिवाजी पार्कची नाही. परळच्या चाळीतली आहे. प्रज्ञा आणि मी एकाच राखीव जागांच्या लिस्टमधून आलोय. घरी भाकरीच खातो. मग माझ्या हाडांत तुम्हाला काय दिसलं होतं?"

 सगळं बोलून झालं.

"अगं, ते ॲकॅडेमिक होतं," सर म्हणाले. "एवढं पर्सनल कशाला घेतेस? बस खाली."

"नाही बसत. आणि डेमोलाही येणार नाही."

कुणी हसलं नाही. प्रज्ञा आपल्या जागेवर जाऊन बसली. माझ्याकडे न बघता.

त्याच आठवड्यात मी डीनसाठी तक्रारीचा अर्ज लिहिला आणि आधी तिला दाखवला. तिने दोनदा वाचला.

"माझं नाव काढ."

"का? तुझाच तर अपमान..."

"माझ्यासाठी बोलायचं होतं ते त्या दिवशी. माझं मी बघेन. तू तुझं लिही."

मी परत लिहिला. सर काय म्हणाले ते, शब्दाला शब्द. मी खोटी मान हलवली, तेही. हसले, तेही. खाली पूर्ण नाव, परळचा पत्ता, कुठल्या लिस्टमधून आले ते.

"प्रॅक्टिकल होईपर्यंत तरी थांबायचंस," आई म्हणाली. "मार्क त्याच्याच हातात ना?"

"थांबले होते, आई. त्याचंच तर झालंय हे सगळं."

अर्ज दिलाय. सोमवारी प्रॅक्टिकल आहे, समोर सरच असतील. नापास केलं तर परत बसेन. परत केलं तर परत. प्रज्ञा अजून माझ्याशी बोलत नाही. कदाचित बोलणारही नाही. तिने बोलावं म्हणून मी अर्ज दिलेला नाही. तो मी मागे घेणार नाही.