घाबरत विचारलेला प्रश्न

आष्ट्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते. एका सकाळी फळ्यावर आकृती काढताना छाती धडधडायला लागली, हात गार पडले. वाटलं, इथंच मुलांसमोर आपण मरणार. नवऱ्यानं सांगलीला नेलं. तिथं कार्डिओग्राम स्वच्छ निघाला आणि माझी भीती उलट वाढली. हृदय ठीक असेल तर बिघडलंय काय? घरातले म्हणायचे, मनाला लावून घेऊ नकोस. ते ऐकलं की धडधड आणखी वाढायची.

डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांनी उगाच धीर दिला नाही. भीती अंगात कुठून सुरू होते, तिच्यामुळं मी काय काय टाळते, एवढंच विचारत राहिल्या. हळूहळू मी पुन्हा वर्गात उभी राहू लागले. पुढं नोकरी सांभाळून समुपदेशनच शिकले, आणि आता साताऱ्यात समुपदेशक म्हणून बसते. पण भीती गेली असं म्हणणार नाही. समोरचा माणूस बोलत असताना माझेही तळवे घामेजतात.

औंधकडचे एक निवृत्त फौजी बायकोबरोबर आले, तो दिवस मला विसरता येत नाही. त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे. ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत. बायको बाहेर बसली. आपल्याला काही झालेलं नाही, हिच्या समाधानासाठी आलोय, असं ते म्हणाले. मग झोप लागत नाही, उसात गेलं तरी मन लागत नाही, नातवंडाचा आवाजही सहन होत नाही, हे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. उठता उठता, दाराकडं बघत म्हणाले, "आता लय दिस न्हाई ऱ्हायचं, मॅडम."

वयामुळं म्हणत असतील, असं समजून सोडून देता आलं असतं. विचारलं आणि त्यातूनच समोरच्याला तसं काही सुचलं तर, ही भीती शिकून झाल्यावरही माझ्या मनात असतेच. तसं होत नाही, हे मला माहीत होतं. तरी घाबरतच विचारलं.

"काका, जीव द्यायचा विचार येतो का?"

ते परत खुर्चीत बसले. मग म्हणाले, "व्हय. आजवर कुणी इचारलंच न्हाई."

घरात परवान्याची बंदूक आहे, असं त्यांनी विचारल्यावर सांगितलं. मी त्यांना विचारूनच बायकोला आत बोलावलं आणि हे सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. बंदूक आजच पोलीस ठाण्यात जमा करायची, दुसऱ्या दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडं जायचं, आणि जमा झाली की मला फोन करायचा, असं तिघांनी मिळून ठरवलं.

दुपार सरली तरी फोन आला नाही. मी लावला, तर नुसता वाजत राहिला. त्यांच्यानंतर भेटायला आलेल्या बाईंचं बोलणं ऐकताना मला दोनदा तेच विचारावं लागलं. त्यांना एकटं पाठवलं नव्हतं, बायको बरोबर होती, असं स्वतःला सांगत होते, तरी नजर फोनकडंच जात होती. शेजारच्या कुणाचा तरी नंबर घ्यायला हवा होता, असं सारखं वाटत राहिलं.

दिवेलागणीला बायकोचा फोन आला. "आवं मॅडम, ठाण्यातच बसलोय मघापास्नं. साहेब बाहीर गेलते. फोन पिशवीत ऱ्हायला." मागून त्यांचं खोकणं ऐकू आलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या. मध्ये त्यांनी त्या परस्पर बंद केल्या, तेव्हा पुन्हा सगळं घसरलं. आता वर्ष होऊन गेलं. ते अजून येतात, उसाबद्दल बोलतात, थोडंफार नातवंडाबद्दलही. बायको सांगत होती, ती घरी त्यांना आता तोच प्रश्न सरळ विचारते. बहुतेकदा ते "न्हाई" म्हणतात. एखाद्या दिवशी "आज जरा हाय" म्हणतात. मग ती हातातलं काम तसंच ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन बसते.